क्षमा केली म्हणजे सांगायचे नाही का?

प्रिय मित्रा,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

इतके महिने पत्र नाही म्हणून तू रागावला असशील आणि तुझा राग रास्त आहे. इकडे सर्वांच्या प्रकृती ठीक आहेत. आईचे गुडघे तेवढे थंडीत कुरकुरतात. आज लिहायला बसलो तो एकाच गोष्टीसाठी.

शब्बाथ शाळेत, म्हणजे आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) रविवारच्या धर्मशिक्षणात, माझ्याकडे आठ ते बारा वर्षांच्या मुलांचा वर्ग आहे. त्यातल्या सर्वांत लहान मुलाला एक मोठा मुलगा उपासना सुटल्यावर जिन्याखाली गाठून मारत असे, हे एका रविवारी उघडकीस आले. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी दोघांना समोरासमोर उभे केले, येशू आपल्याला क्षमा करायला सांगतो असे म्हणून हात मिळवायला लावले आणि प्रकरण मिटले असे जाहीर केले. लहानग्याने उजवा हात पुढे केला. डावा हात पाठीमागे होता आणि त्याची मूठ इतकी आवळलेली होती की बोटांची पेरे पांढरी पडली होती. पुढच्या रविवारी वर्ग सुटल्यावर तो माझ्यापाशी रेंगाळला आणि म्हणाला, "सर, त्याने परत मारलं. पण मी क्षमा केलीय ना, मग आता कोणाला सांगायचं नाही ना?"

हे वाक्य ऐकल्यावर मला वसतिगृहाचा व्हरांडा आठवला आणि तू आठवलास. त्या संध्याकाळी तुलाही असाच हात मिळवायला लावला होता. त्यानंतर वर्षभर तू प्रार्थनेच्या वेळी डोळे उघडे ठेवून बसायचास. का, ते फक्त मला ठाऊक होते. म्हणून हे पत्र तुला.

मी त्या मुलाला सांगितले की, सांगायचे. त्याच दिवशी सांगायचे आणि ऐकणारा मिळेपर्यंत सांगायचे. दोन्ही घरी जाऊन बोललो. त्यावर एका पालकांनी मला ऐकवले की, तुम्ही मुलांना वचन शिकवायचे सोडून तक्रारी करायला शिकवता. तेव्हापासून मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय मी पुन्हा पुन्हा वाचतो आहे. साताच्या सत्तर वेळा क्षमा करण्याचे वचन आपण मुलांकडून पाठ करून घेतो, पण त्याच अध्यायाच्या आरंभी प्रभू एका बालकाला शिष्यांच्या मध्ये उभे करतो आणि म्हणतो की, अशा लहानांपैकी एकाला जो अडखळवील त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवावे हे त्याच्या हिताचे आहे. पुढे, शिष्य पेत्राने किती वेळा क्षमा करू असे विचारण्याच्या आधीच, अपराध करणाऱ्या भावाकडे एकांतात जाऊन त्याचा दोष त्याला दाखव, त्याने ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर ने, तरीही ऐकले नाही तर मंडळीला सांग, असा क्रम प्रभूने घालून दिला आहे. म्हणजे सांगणे हे क्षमेच्या विरुद्ध नाही. सांगण्याची वाट आधी आखून मगच प्रभू क्षमेच्या संख्येकडे वळला आहे. आपण मात्र मुलांच्या हाती अध्यायाचा शेवट देतो आणि आरंभ मोठ्यांसाठी राखून ठेवतो.

एका गालावर मारले तर दुसरा पुढे कर, या वचनाचेही तसेच. महायाजकापुढे उभे असताना एका शिपायाने येशूला चपराक मारली, तेव्हा तो गप्प राहिला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, आणि योग्य बोललो असेन तर मला का मारतोस, असे त्याने त्या माणसाला विचारले. योहानाने आपल्या शुभवर्तमानात हे लिहून ठेवले नसते, तर डोंगरावरील प्रवचनातल्या त्या वचनाचा अर्थ मुकाट मार खाणे असा करणाऱ्यांना मी काय उत्तर दिले असते, देव जाणे. हात न उचलता, शिवी न देता, नजर न चुकवता "मला का मारतोस" असे विचारायला जे धैर्य लागते, ते मुलांना शिकवायचे आहे. क्षमा त्या धैर्याच्या पोटी येते. भीतीने मिळवलेल्या हाताला क्षमा म्हणायचे, हे मला खोटे बोलायला शिकवण्यासारखे वाटते, आणि तेही प्रभूच्या नावाने.

आता आपले जुने भांडण. आधी धैर्य शिकवा, क्षमा दाढीमिशा फुटल्यावर, असे तू म्हणायचास. सहलीच्या गाडीत त्यावरून तू माझ्याशी इतका भांडलास की माझ्या वाटचे शेंगदाणेही खाऊन टाकलेस. धैर्याबद्दल तू बरोबर होतास. पण क्षमा लहान मुलांच्या आवाक्यात नाही हे मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही. राजांच्या दुसऱ्या पुस्तकातली ती अरामी टोळ्यांनी धरून नेलेली इस्राएली मुलगी आठव. अरामी सेनापती नामान याच्या बायकोची ती दासी आहे आणि पवित्र शास्त्र तिचे नावही सांगत नाही. आपल्या मुलखावर चाल करणाऱ्यांच्या सेनापतीला कुष्ठरोग झाला आहे, हे तिच्या डोळ्यांसमोर आहे. ती गप्प बसली असती तर तिला कोण दोष देणार होते? तरी ती म्हणते की, माझे धनी शोमरोनातल्या संदेष्ट्याकडे गेले असते तर बरे झाले असते, त्याने त्यांचा कुष्ठरोग बरा केला असता. घर हिरावून घेणाऱ्याचे भले चिंतणे आणि ते त्याच्याच घरात बोलून दाखवणे, या दोन्ही गोष्टी एका मुलीने एका वाक्यात केल्या. वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा एका मुलीने विचारले की, मग नामानाने तिला घरी पाठवले का? शास्त्र त्याबद्दल काही सांगत नाही, एवढेच उत्तर मला देता आले, आणि वर्ग बराच वेळ त्यावरच बोलत राहिला.

रूबी ब्रिजेसबद्दलही मी मुलांना सांगितले. 1960 साली अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स शहरात, तोवर केवळ गोऱ्या मुलांसाठी असलेल्या शाळेत ही सहा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी जाऊ लागली, तेव्हा दाराशी जमाव रोज तिला शिव्याशाप द्यायचा. चालताना तिचे ओठ हलताना दिसले, म्हणून तिला भेटणाऱ्या रॉबर्ट कोल्स या मनोविकारतज्ज्ञांनी विचारले, तर ती म्हणाली की ती त्या लोकांसाठी प्रार्थना करत होती. मात्र ही गोष्ट सांगताना काही जण तिच्या रक्षणासाठी तिच्याबरोबर चालणारे सरकारी मार्शल वगळतात. मी ते मुद्दाम सांगितले. तिने वैऱ्यांसाठी प्रार्थना केली, आणि मोठ्या माणसांनी तिला त्या जमावात एकटे सोडले नाही. आपली मंडळी पहिली गोष्ट मुलांकडून मागते. दुसरी आपण करायची आहे.

लहानग्याने पुढे विचारले की, त्या मोठ्या मुलाशी परत मैत्री केलीच पाहिजे का. मी त्याला पवित्र शास्त्रातल्या एन-गेदीच्या गुहेच्या गोष्टीकडे नेले. दावीदाच्या जिवावर उठलेला राजा शौल तेथे त्याच्या हाती सापडला होता. दावीदाने शौलाला मारले नाही, केवळ त्याच्या झग्याचा काठ कापला आणि मग दुरून हाक मारून, तू माझ्या जिवावर का उठला आहेस, असे त्याला उघड विचारले. शौल रडला. पण त्या अध्यायाच्या अखेरीस शौल आपल्या घरी जातो आणि दावीद आपल्या माणसांसह गडावर जातो. तो शौलाच्या घरी जेवायला जात नाही. हे ऐकून पोरगा पहिल्यांदा मोकळा हसला.

तुझ्या नव्या जबाबदारीबद्दल पाळकसाहेबांकडून कळले, अभिनंदन. मुलीचे दृढीकरण, म्हणजे विश्वास जाहीर करण्याचा विधी, केव्हा, ते कळव. आम्ही सर्व येऊ. वहिनींना सलाम.

खरी काळजी आता त्या मोठ्या मुलाची आहे. तो मागच्या बाकावर एकटा बसतो, कोणी त्याच्याशी बोलत नाही, आणि जो तो त्याला 'वैऱ्यांवर प्रीती करा' या वचनातल्या वैऱ्याचे उदाहरण समजू लागला आहे. आपला भाऊ योसेफ याला विकून टाकू असे सुचवणारा यहूदाच पुढे धाकटा भाऊ बन्यामीन याच्या जागी मला दास करून ठेवा असे म्हणतो, ही गोष्ट मला त्याच्यापर्यंत न्यायची आहे, पण साऱ्या वर्गासमोर सांगितली तर ती त्याला बोट दाखवल्यासारखी होईल. त्याला एकट्याला बोलावले, तर शिक्षेसाठी बोलावले असे वाटून तो येणार नाही. तू इतकी वर्षे थोरल्या मुलांमध्ये काढली आहेस, आणि अशा मुलांशी कसे बोलायचे ते तुला माझ्यापेक्षा अधिक कळते. प्रथम त्याच्याशी कोणी बोलावे, मी की त्याचे वडील, आणि लहानग्याला त्या वेळी तेथे ठेवावे की नाही, याबद्दल तुझे मत रविवारच्या आत मला लिहून पाठव.

तुझाच
जुना मित्र