पहिली मोटरसायकल आणि परीक्षणांतून सुटणारी माहिती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वृत्तपत्रांच्या वाहनविषयक पानांवर येणारी मोटरसायकलींची परीक्षणे मी नियमित वाचते. इंजिनाची ताकद, वेग आणि रंगरूप यांविषयी त्यांत भरपूर मजकूर असतो. परंतु गाडी चालवायला नुकतीच शिकू लागलेल्या स्त्रीला पहिली मोटरसायकल निवडताना जे कळायला हवे, ते त्यांत क्वचितच सापडते. मग ‘बाईमाणसाला हलकीच गाडी बरी’ एवढाच सल्ला तिच्या वाट्याला येतो, आणि तो देणाऱ्याने बहुधा तिला गाडीवर बसलेलेही पाहिलेले नसते. हलकी गाडी कोणत्याही नवशिक्याला बरीच. प्रश्न तिच्या शरीराला कोणती गाडी पेलेल, हा आहे.

सीटच्या उंचीचा आकडा माहितीपत्रकात असतो, पण तो एकटा फसवा असतो. ८०० मिलीमीटर उंचीची अरुंद सीट ही ७८० मिलीमीटर उंचीच्या रुंद सीटपेक्षा सोयीची ठरू शकते, कारण रुंद सीटवर मांड्या फाकतात आणि पायांची लांबी बाजूलाच खर्ची पडते. शिवाय स्वार बसल्यावर मागची स्प्रिंग दबून सीट खाली येते. मात्र पन्नास किलोच्या व्यक्तीखाली ती ऐंशी किलोच्या व्यक्तीइतकी दबत नाही. म्हणजे सारख्याच उंचीच्या दोघांपैकी हलक्या व्यक्तीचे पाय जमिनीपासून अधिक वर राहतात. अनेक गाड्यांत या स्प्रिंगचा मूळ ताण, म्हणजे प्रीलोड, कमी करून सीट थोडी खाली आणता येते, पण ही गोष्ट विक्रेते आपणहून क्वचितच सांगतात.

दोन्ही टाचा टेकल्याच पाहिजेत, हा आग्रह मला अनाठायी वाटतो. दोन्ही पायांचे चवडे भक्कम टेकत असतील, तर थांबणे आणि निघणे सरावाने जमते. टाचा टेकाव्यात म्हणून घाईने सस्पेन्शनचे, म्हणजे धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगांच्या रचनेचे, भागच बदलून गाडी खाली करून घेऊ नये: तसे केल्याने वळणावर झुकायला जागा कमी उरते आणि साइड स्टँड लांब पडून उभी गाडी पलीकडे कलंडण्याची भीती निर्माण होते. सीटचा फोम थोडा कमी करणे त्या मानाने निरुपद्रवी, जरी लांबच्या प्रवासात ते जाणवते.

वजनाच्या बाबतीत माहितीपत्रकातील आकडा इंधनासह आहे की इंधनाविना, हे आधी पाहावे. पेट्रोल लिटरमागे सुमारे पाऊण किलो भरते. चौदा लिटरची टाकी भरली की साडेदहा किलोंची भर पडते, आणि तीही नेमकी वरच्या बाजूला, जिथे ती तोल बिघडवते. म्हणूनच सारख्या वजनाच्या दोन गाड्या हाताला सारख्या लागत नाहीत. इंजिन बंद ठेवून गाडी स्टँडवरून काढावी, हँडल धरून मागेपुढे ढकलावी आणि वळवून पाहावी. जी गाडी या चाचणीतच दमवते, ती रस्त्यावर अधिक दमवेल. क्लचचा लिव्हर बोटांना पोचतो का आणि किती जोर मागतो, हेही तेव्हाच कळते. एबीएस, म्हणजे जोराने ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, असावेच, कारण घाबरून ब्रेक करकचून दाबणे नवशिक्याकडून हमखास होते.

इंजिनाच्या क्षमतेबाबत युरोपीय संघातील परवान्यांची पद्धत मला शहाणपणाची वाटते. तेथे परवान्याच्या ए१ वर्गात १२५ सीसी आणि ११ किलोवॅट ताकद, तर ए२ वर्गात ३५ किलोवॅट ताकद अशी मर्यादा आहे, आणि पायरी ठरते ती वयावर व अनुभवावर. स्वार स्त्री आहे की पुरुष, याचा त्यात संबंधच येत नाही.

आपल्या दैनिकाने वाहनांच्या परीक्षणांत सीटची उंची व रुंदी, भरलेल्या टाकीसह वजन आणि क्लचचा जडपणा यांची नोंद द्यावी, अशी विनंती आहे. त्याबरोबर गाडी चालवून पाहणाऱ्याची स्वतःची उंची आणि वजनही छापावे, कारण सहा फुटी परीक्षकाला ‘सुटसुटीत’ वाटलेली गाडी पाच फुटी वाचकाला कशी वाटेल, हे त्याशिवाय ताडता येत नाही. शक्य झाल्यास तीच गाडी कमी उंचीच्या स्वाराकडूनही तपासून घ्यावी.

आपली विश्वासू,
एक वाचक