डोळ्यांवर काळी पट्टी ओढून ओळख लपत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इंटर्नशिप सुरू झाली, की नवे डॉक्टर लगेच युनिटच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये येतात. रात्री-अपरात्री सिनियरला एक्स-रेचा फोटो पाठवता येतो, त्यामुळे उपचार लवकर सुरू होतात. ते थांबवू नये. पण रुग्णाची ओळख उघड न होता फोटो कसा काढायचा आणि पाठवायचा, हे त्यांना बसवून शिकवले जावे.

एक्स-रे, सीटीच्या प्लेटवर कोपऱ्यात नाव, वय, नोंदणी क्रमांक, तारीख छापलेली असते. ती मोबाइलमधल्या हायलायटरने झाकली, तर फोटोचा उजेड वाढवताच अक्षरे पुन्हा दिसू शकतात. तो कोपरा कापूनच टाकावा. कॅमेऱ्यात लोकेशन चालू ठेवून फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, तर ठिकाण आणि वेळही सोबत जाते. समोरच्याच्या फोनमध्ये फोटो आपोआप गॅलरीत उतरत असतील, तर तिथून तो क्लाउडवर चढू शकतो. मग ग्रुपमधून पुसूनही प्रत उरतेच.

डोळ्यांवर पट्टी ओढली, अगदी चेहराच नसला, तरी माणूस ओळखू येतो. हातावरचे गोंदण पुरते. ‘भोरकडची बावीस वर्षांची मुलगी, विषबाधा, काल रात्री दाखल’ एवढ्या पोस्टवरून तिचे गाव तिला ओळखते. पुढे लग्न जमवताना हीच पोस्ट तिच्या आडवी येऊ शकते, याचा विचार पोस्ट टाकणाऱ्याने करायलाच हवा.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या ऑगस्ट २०२३ च्या नियमांत समाजमाध्यमांवर स्वतंत्र मार्गदर्शन होते. ते नियम त्याच महिन्यात स्थगित झाले. म्हणून रान मोकळे झालेले नाही. २००२ चे आचारसंहितेचे नियम ओळख पटेल असा फोटो परवानगीशिवाय छापू देत नाहीत. एचआयव्हीबाधित आणि लैंगिक अत्याचारातील पीडित यांच्यासाठी वेगळे, कडक कायदे आहेतच.

शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावरची सही फोटो टाकण्यासाठी चालवू नये. संमती वेगळी, मराठीत, फोटो कुठे टाकणार हे लिहून घ्यावी. भुलीच्या गुंगीतल्या किंवा बिल थकलेल्या रुग्णाच्या सहीला मी संमती मानत नाही. गूगलवर कुणी वाईट अभिप्राय लिहिला, तर ‘तुम्ही बाराव्या तारखेला आलात तेव्हा साखर वाढली होती’ असे उत्तर देणे म्हणजे आजार चव्हाट्यावर मांडणे. ‘कृपया कार्यालयात भेटा’ एवढे पुरे.

पुण्यातील वैद्यकीय महाविद्यालयांनी इंटर्नना वॉर्डात पाठवण्याआधी दोन तास काढावेत, प्रत्येकाच्या हाती नमुन्याची प्लेट द्यावी आणि फोटो काढण्यापासून पुसण्यापर्यंत सारे समोर करवून घ्यावे.

— वैद्यकीय शिक्षणक्षेत्रातील एक वाचक, पुणे