घशातला काळा डाग

सांगली

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

टॉन्सिलवरचा काळा डाग मेलेनोमा, म्हणजे रंगपेशींचा कॅन्सर, असू शकतो का, हे फोनवर अर्धवट राहिलं, म्हणून लिहितो. आपल्याकडे मिसरी लावणाऱ्या बाईच्या तोंडात काळं दिसलं की ‘मिसरीचंच’ म्हणून सोडून देतात. तू ओल्या गॉजने पुसून बघ. पुसलं जात नाही, उंचवटा लागतो किंवा हात लावताच रक्त येतं, तर तपासणीसाठी तुकडा (बायोप्सी) घ्यायचाच. उलट, मेलेनोमा काळाच असतो असंही नाही. बिनरंगी गाठ नुसती गुलाबी दिसते आणि रिपोर्टात चुकून लिम्फोमा नाहीतर कार्सिनोमा, म्हणजे दुसऱ्याच जातीचा कॅन्सर, होऊन बसते.

तुकडा सडलेल्या भागातला नको. लगेच 10 टक्के बफर्ड फॉर्मलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रावात) टाक, तुकड्याच्या दहापट तरी. सलाइनच्या बाटलीतून एसटीने आलेला तुकडा आमच्या पॅथॉलॉजीत पोचतो तो कुजूनच. फॉर्मवर ‘मेलेनोमाची शंका’ एवढं लिहिलंस की आम्ही एस-100, सॉक्स-10, एचएमबी-45, मेलन-ए या मेलेनोमा ओळखायच्या चाचण्या स्लाइडवर लावतो. या चाचण्यांचा नेहमीचा डीएबी रंग तपकिरी आणि पेशींतलं रंगद्रव्य मेलॅनिनही तपकिरी, स्लाइडवर कुठलं काय कळत नाही. लाल क्रोमोजेन (चाचणीचा रंग) माग, नाहीतर आधी मेलॅनिन ब्लीच करायला सांग.

रिपोर्ट आला की अख्खी त्वचा, तळपाय, नखं, डोळे तपास. ‘पूर्वी कधी तीळ काढला होता का?’ हेही विचार. घशातली गाठ दुसरीकडून आलेली असू शकते. मग मानेचा आणि मेंदूचा एमआरआय, पेट-सीटी. घशातल्या मेलेनोमाच्या स्टेजिंगमध्ये (आजाराची पायरी ठरवताना) गाठीच्या टी1, टी2 या सुरुवातीच्या पायऱ्या नाहीतच. वरच्या पडद्यापुरता असला तरी टी3. ‘लवकर सापडला ना?’ म्हणून नातेवाईक विचारतील, तेव्हा जपून बोल.

जमेल तिथे शस्त्रक्रिया, कापलेल्या कडांत कॅन्सर उरणार नाही अशी. नंतरच्या रेडिएशनने त्याच जागी उलटण्याचं प्रमाण कमी होतं, आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही. दोन्ही स्पष्ट सांग. टाटाला पाठवताना स्लाइडबरोबर पॅराफिन ब्लॉकही (मेणात बसवलेला तुकडा) दे. किट, बीआरएएफ, एनआरएएस या जनुकांच्या तपासण्या त्यावरच होतात. किटमध्ये एक्सॉन (जनुकाचा भाग) 11 किंवा 13 चा बदल निघाला तर इमॅटिनिब या औषधाचा विचार होतो.

पसरलेल्या आजारात निवोलुमॅब-इपिलिमुमॅब ही प्रतिकारशक्ती चेतवणारी औषधं देतात. त्वचेच्या मेलेनोमाइतका गुण येत नाही, खर्च मात्र तेवढाच. त्या औषधांवर जुलाब लागले तर ते आतड्याची सूज असू शकते, स्टिरॉइड लागतं. गावचे डॉक्टर जुलाब थांबवायची गोळी देऊन घरी पाठवतील. म्हणून घरी सोडताना औषधांची नावं आणि तुझा नंबर लिहिलेली मराठी चिठ्ठी पेशंटच्या खिशात असू दे.

तुझे,
बाबा