मिटलेला खटला दाखल्यावर कशाला?

मा. संपादक महोदय,

माझी सगळी नोकरी खासगी सुरक्षा एजन्सीत सुपरवायझर म्हणून झाली. गेटवर माणूस उभा करायचा तर आधी त्याची पोलीस पडताळणी लागते. 2005च्या कायद्याचं तसं बंधनच आहे, आणि ते हवंच. पण त्याच कागदापायी चांगली पोरं कशी अडकतात, हेही मी जवळून पाहिलं.

आमच्या भांडुपच्या चाळीतला एक मुलगा. एकोणीस वर्षांचा असताना दहीहंडीला दोन पथकांत मारामारी झाली, समोरच्याचा हात मोडला. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम 325, म्हणजे जबर दुखापतीचं, लागलं. पुढे दोन्ही घरांनी बसून मिटवलं, कोर्टाच्या परवानगीने तडजोड झाली. कायद्याच्या लेखी अशी तडजोड म्हणजे निर्दोष सुटकाच. तरी चारित्र्य पडताळणीच्या दाखल्यावर गुन्हा नंबर आणि कलम आलंच. कोर्टाच्या आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल त्याने लॅमिनेट करून घेतली आहे; मुलाखतीला गेला की आधी तीच पुढे करतो. पण समोरच्याची नजर कलमावर थांबते, तडजोडीची ओळ कुणी वाचत नाही. डिलिव्हरीचं काम हुकलं, वॉचमनची नोकरी हुकली, भाड्याच्या खोलीलाही दाखला आडवा आला. आमच्या एजन्सीत मी त्याच्यासाठी शब्द टाकला, तर ‘क्लायंट ऐकणार नाही’ एवढंच उत्तर. आता दोन लेकरांचा बाप झालाय, आणि रोज सकाळी बिगारी कामासाठी नाक्यावर उभा असतो.

हाच मुलगा तेव्हा अठराच्या आत असता तर? 2015च्या बाल न्याय कायद्याचं कलम 24 सांगतं, की अशा मुलाला पुढे कसलीही अपात्रता नाही आणि अपिलाची मुदत संपली की नोंदीही नष्ट करायच्या. अपवाद फक्त अतिगंभीर गुन्ह्यांचा. वर्ष-दीड वर्षाच्या फरकाने एकाची पाटी कोरी होते आणि दुसऱ्याच्या माथी तो गुन्हा जन्मभर राहतो, हा कुठला न्याय? ब्रिटनने 1974 सालीच कायदा केला: छोटी शिक्षा भोगून ठरावीक काळ सरळ वागलेल्याला बहुतेक नोकऱ्यांत जुना गुन्हा सांगावा लागत नाही. आपल्याकडे राजकीय आंदोलनांतले खटले सरकार मागे घेतं. चाळीतल्या पोराच्या मागे कोण आहे?

निर्दोष सुटलेले आणि तडजोडीने मिटलेले खटले दाखल्यावर छापूच नयेत. किरकोळ शिक्षा झालेल्याने काही वर्षं नवा गुन्हा केला नाही, तर ती नोंद सील करावी. पोलिसांनी तपासासाठी ती जरूर ठेवावी. घरमालकाला, एजंटला दिसू नये. खून, दरोडा, बायका-मुलांवरचे अत्याचार यांना ही सवलत अजिबात नको. शाळेच्या गेटवर कोण उभा आहे, हे मलाही कळायला हवं.

गृह विभागाने निदान दाखल्याचा नमुना तरी बदलावा, आणि येत्या अधिवेशनात मुंबईच्या आमदारांनी त्याबद्दल सरकारला जाब विचारावा.

– एक निवृत्त सुपरवायझर, भांडुप (प.), मुंबई