तक्रार पत्र: डॅटसन 240झेडसाठी विकलेलं आर200 शॉर्ट-नोज किट – पुढच्या ब्रॅकेटला तडा, पिनियनचा कोन चुकीचा

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक आणि गुणवत्ता विभागप्रमुख

विषय: सदोष किट परत घेणे, पूर्ण रक्कम परत करणे आणि बाकीच्या ग्राहकांना ताबडतोब सावध करणे

तुमच्या मदत केंद्राशी आज झालेलं बोलणं शेवटचं. यापुढे सगळं लेखी. मराठीत लिहितोय, कारण किटचं डिझाइन आणि वेल्डिंग तुमच्या पुण्याच्या युनिटमध्ये होतं. हे पत्र अमेरिकेतल्या मदत केंद्रात पडून न राहता ज्यांनी ड्रॉइंगवर सही केली त्यांच्या हातात जायला हवं.

गाडी 1970ची डॅटसन 240झेड, डावीकडे स्टिअरिंग असलेली. इंजिन निस्सानचं टर्बो आरबी25डीईटी, टॉर्क 294 न्यूटन-मीटर. गिअरबॉक्सचा पहिला गिअर 3.214. डिफरन्शियल (इंजिनाची ताकद मागच्या दोन्ही चाकांना वाटून देणारी गिअरपेटी) शॉर्ट-नोज, म्हणजे आखूड नाकाचा, आर200, रेशो 3.692. तुमचं किट तोच या गाडीत बसवण्यासाठी आहे. ही सगळी माहिती ऑर्डरच्या फॉर्मवर लिहून दिली होती. जी माहिती तुम्ही विचारलीच नाही तिच्याबद्दल पुढे लिहितो.

पहिला आणि सगळ्यात गंभीर दोष पुढच्या ब्रॅकेटचा आहे. तुमच्या ड्रॉइंगवर कानांची (बोल्ट बसणाऱ्या बाजूच्या पट्ट्यांची) प्लेट 6 मिमी लिहिली आहे. पेटीतून आलेल्या ब्रॅकेटची प्लेट व्हर्निअरवर 3 मिमी भरते, पावडर कोटिंग खरवडल्यावर त्याहूनही किंचित कमी. जाडी निम्मी झाली की वाकण्याविरुद्धची ताकद चौथ्या हिश्श्यावर येते आणि ताठपणा आठव्या हिश्श्यावर. तुमच्या डिझाइन विभागाला हे पाठ असणार. मग ही प्लेट कापली कोणी आणि पास केली कोणी?

या प्लेटवर किती भार येतो तेही मांडतो, कारण फोनवर मला वारंवार "गाडी जोरात चालवली असेल" असं ऐकवलं गेलं. 294 गुणिले 3.214 म्हणजे प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंतच्या दांड्यावर) सुमारे 945 न्यूटन-मीटर. त्याला 3.692 ने गुणलं की अ‍ॅक्सलवर सुमारे 3490. चाकं पुढे फिरतात तेव्हा हाउसिंग (डिफरन्शियलचं कवच) उलट फिरायला बघतं, म्हणजे डिफरन्शियलचं नाक वर उचललं जातं. तुमच्याच ड्रॉइंगवर पुढचा आणि मागचा आधार एकमेकांपासून 400 मिमीवर आहेत. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये पूर्ण टॉर्कला नाकावर सुमारे 8700 न्यूटन, जवळजवळ 890 किलो वजनाइतकी वरची ओढ. ही साध्या, सरळ वेगवाढीतली ओढ आहे, क्लच झटक्यात सोडला तर ती आणखी वाढते. शिवाय ते 945 न्यूटन-मीटर हाउसिंगला आडवं पिळतात. शाफ्ट ज्या दिशेने फिरतो त्या दिशेमुळे उजवा कान वर आणि डावा खाली जायला बघतो. उजव्या कानावर दोन्ही ओढी एकाच बाजूने येतात. तडा गेलाय तो नेमका उजव्या कानाला. यात चालकाचा काय संबंध?

तडा कसा सापडला तेही लिहितो, कारण तुमच्या माणसाला तो "कोटिंगवरचा ओरखडा" वाटला. कोटिंग काढलं, भाग क्लीनरने पुसला, लाल डाय पेनेट्रंट (भेगेत शिरणारा रंग) मारून ठेवला, मग पुसून पांढरा डेव्हलपर फवारला. दहा मिनिटांत पांढऱ्यावर लाल रेघ उमटली, 22 मिमी लांब, वेल्डच्या कडेला चिकटून, जिथे वेल्डचा धातू संपतो आणि प्लेट सुरू होते तिथे. ओरखडा असा उमटत नाही. तुमचं वेल्डिंग प्लेटच्या टोकाला येऊन तसंच तुटलंय, वळसा घालून मागे आणलेलं नाही. भेग सुरू व्हायला याहून सोयीची जागा नसते. कानाला गसेट (कोपऱ्यातली तिरकी आधारपट्टी) एकही नाही. वेल्ड एकाच बाजूने मारलाय आणि दुसऱ्या बाजूने पाहिलं तर मुळापर्यंत पाझरलेला नाही, प्लेटची मूळ कड जशीच्या तशी दिसते. वर दोन ठिकाणी सुईच्या टोकाएवढी छिद्रं आहेत, म्हणजे पत्रा साफ न करताच टॉर्च चालवला. अशा कामावर जाड काळं कोटिंग मारून ते ग्राहकाला पाठवणं हा माझ्या दृष्टीने निष्काळजीपणा नाही, लपवाछपवी आहे.

दुसरा दोष पिनियनच्या, म्हणजे डिफरन्शियलच्या नाकातून प्रोपेलर शाफ्टला जोडलेल्या दांड्याच्या, कोनाचा. या गाडीत गिअरबॉक्सचा शाफ्ट मागच्या बाजूला 3 अंश खाली झुकलेला आहे. पिनियनचं नाक तितकंच वर हवं, म्हणजे दोन्ही रेषा समांतर राहतात आणि शाफ्टच्या एका टोकाच्या जॉइंटची चाल दुसऱ्या टोकाचा जॉइंट खोडून काढतो. तुमच्या ब्रॅकेटवर ते फक्त 0.5 अंश वर बसतं. फरक अडीच अंशांचा, आणि चालतो तो एका अंशाच्या आत. ताशी 100 किलोमीटरला या टायरवर शाफ्ट सेकंदाला सुमारे 53 वेळा फिरतो आणि प्रत्येक फेऱ्यात जॉइंट दोनदा हिसका देतो, म्हणजे सेकंदाला सुमारे 106 हिसके. हाच तो आवाज, ज्याला तुमच्या मदत केंद्राने "जुन्या गाडीचा आवाज" म्हटलं. त्यात भर म्हणजे पुढची भोकं मध्यरेषेपासून 4 मिमी डावीकडे आहेत. त्यामुळे पिनियन आडवाही तिरका बघतो. भोकं जिगमध्ये (भाग पक्का धरणाऱ्या साच्यात) पाडली असती तर हे झालं नसतं.

आता त्या संभाषणाकडे येतो. ते सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण तुमची कंपनी ग्राहकाशी कशी वागते हे वर बसलेल्यांना कळायलाच हवं.

मी तड्याचे फोटो आणि कोनाचं मोजमाप आधीच पाठवलं होतं. फोन घेणाऱ्याने विचारलं, "सर, पिनियन अँगल म्हणजे नेमकं काय?" मी समजावून सांगितलं. तो म्हणाला, "एक मिनिट होल्ड करा." बराच वेळ वाद्यसंगीत वाजलं. परत आला आणि म्हणाला, "आमच्या टीमचं म्हणणं आहे की नाकाखाली दोन वॉशर टाका, कोन बरोबर होईल." मी विचारलं, किती जाडीचे? म्हणाला, "नेहमीचे." मी त्याला तिथेच हिशोब करून दिला. 400 मिमीवर अडीच अंश म्हणजे साडेसतरा मिमी. नेहमीचे दोन वॉशर म्हणजे फार तर 5 मिमी, त्याने कोन जेमतेम 0.7 अंशाने बदलतो. साडेसतरा मिमीची चळत लावली तर बोल्ट कापला जाण्याऐवजी वाकायला लागतो आणि आधीच फुटलेल्या कानावरचा भार आणखी वाढतो. पलीकडून उत्तर आलं, "सर, तुम्ही ट्राय तरी करून बघा ना." मी म्हटलं, तडा गेलेला ब्रॅकेट गाडीत परत बसवायला सांगताय? तर म्हणाला, "तडा गेला म्हणजे मिसयूज झाला, आणि मिसयूज वॉरंटीत येत नाही. आणि सर, पन्नास वर्षांची गाडी आहे, काहीतरी होणारच." तांत्रिक विभागाशी जोडून द्या म्हटलं तर, "ते कॉल घेत नाहीत."

गाडी जुनी आहे म्हणूनच हे किट अस्तित्वात आहे! जुन्या गाड्यांच्या मालकांकडून पैसे घेऊन धंदा चालतो आणि तक्रार आली की गाडीच्या वयाकडे बोट दाखवता. ही भाषा मला सहन झाली नाही आणि होणारही नाही. प्रोपेलर शाफ्ट सेकंदाला पन्नास फेरे घेत असताना हा ब्रॅकेट सुटला तर शाफ्टचं टोक खाली रस्त्यात रुतेल किंवा फरशीमधला टनेल फाडून आत येईल. अशा भागाबद्दल "ट्राय करून बघा" म्हणणाऱ्या माणसाला तुम्ही ग्राहकासमोर बसवलंय.

तिसरा मुद्दा, जो फॉर्मवर विचारायला हवा होता: गाडी कोणत्या महिन्यात बनली? 1971च्या मध्यात निस्सानने 240झेडचा डिफरन्शियल सुमारे 35 मिमी मागे नेला, कारण आधीच्या गाड्यांत हाफशाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकांपर्यंतचे दांडे) पुढे तिरके चालत. आधीचा मुस्टॅश बार (डिफरन्शियल मागून धरणारा आडवा बार) सरळ, नंतरचा मागे वळलेला. पुढून आधार देणारा क्रॉसमेंबरही वेगळा. तुमचं किट मूळ बार आणि मूळ क्रॉसमेंबर यांवरच बसतं, त्यामुळे 1970च्या गाडीत सगळं 35 मिमी पुढे येतं. तुमच्या 330 मिमीच्या हाफशाफ्टवर तो सुमारे 6 अंशांचा कायमचा तिरका कोन होतो, सस्पेन्शनची वरखाली चाल त्याशिवाय. हाफशाफ्टच्या टोकाचा सीव्ही जॉइंट (कोनात फिरू शकणारा सांधा) तो सहन करतो, पण तापतो आणि त्याचा बूट (रबरी आवरण) घासून फाटतो. उपाय सोपा आहे: जुन्या गाडीसाठी नंतरचा वळलेला बार आणि त्याचा क्रॉसमेंबर लागतो आणि प्रोपेलर शाफ्ट तितकाच लांब करावा लागतो. एवढं एक वाक्य सूचनापत्रात नाही. जाहिरातीत मात्र "सर्व एस30 गाड्यांसाठी" (एस30 म्हणजे 240झेड ते 280झेड ही मालिका) ठळक अक्षरांत.

तीच गत चाकाकडच्या फ्लॅंजची. पाठवलेला फ्लॅंज 27 स्प्लाइनचा (खाचांचा) आहे. 240झेडचा चाकाकडचा आखूड स्टब अ‍ॅक्सल 25 स्प्लाइनचा असतो. 27चा अ‍ॅक्सल नंतरच्या 280झेडचा. तो घालायचा तर बेअरिंगमधला डिस्टन्स पीस (अंतर राखणारी नळी) हाउसिंगवरच्या ए, बी किंवा सी खुणेशी जुळवून घ्यावा लागतो, नाहीतर बेअरिंग आवळलं जातं किंवा ढिलं राहतं. किटमध्ये ना अ‍ॅक्सल, ना डिस्टन्स पीस, ना सूचना. पुन्हा तेच, "सर्व एस30 गाड्यांसाठी".

उजवा शाफ्ट आडवा असताना जॉइंटमध्ये आत जायला फक्त 2 मिमी जागा उरते. स्प्रिंग काढून, जॅकने चाक पूर्ण वर-खाली नेऊन दोन्ही टोकांना निदान 5 मिमी मोकळीक आहे का हे तपासायचं असतं. आर200 गाडीच्या मूळ आर180 डिफरन्शियलपेक्षा रुंद आहे, शाफ्ट आखूड हवेत हे उघड आहे. जॉइंट तळाला टेकला की तो धक्का थेट साइड बेअरिंगवर जातो.

मागच्या अ‍ॅडॉप्टर प्लेटने ब्रीदरची (डिफरन्शियलमधली हवा बाहेर सोडणारी) नळी चेपली जाते. हवा कोंडली की गरम तेल पिनियनच्या सीलमधून बाहेर येतं आणि मग सील खराब म्हणून पुन्हा ग्राहकच दोषी. पुढे लोखंडाला लोखंड, मागे मऊ पॉलियुरेथेन बुश, यामुळे सगळी हालचाल मागच्या अ‍ॅल्युमिनियम कव्हरच्या कानांवर जाते. दिलेले बोल्ट 8.8 ग्रेडचे, तेही पूर्ण आट्यांचे, म्हणजे कातर बरोबर आट्यांवर पडते. तिथे 10.9 ग्रेड आणि साधी दांडी असलेला बोल्टच हवा.

काम कसं करायचं हे तुमच्या युनिटमध्ये कोणालातरी ठाऊक असणारच. गाडी चारही चाकांवर, नेहमीच्या उंचीवर, इंजिन आणि गिअरबॉक्स आपल्या माउंटवर बसलेले. मग डिफरन्शियल जागेवर टांगून कोन आधी जुळवायचा, मध्यरेषा दोरीने तपासायची आणि फक्त टॅक (वेल्डचे तात्पुरते ठिपके) मारायचे. ब्रॅकेट बाहेर काढून जिगला बोल्ट करायचा, 6 मिमी प्लेटच्या कडा उतरत्या घासायच्या, दोन्ही बाजूंनी, आलटून पालटून थोडं थोडं वेल्ड करायचं, म्हणजे ओढ एका बाजूला जात नाही. दोन्ही कानांना गसेट, वेल्डची टोकं वळसा घालून मागे. जिगमध्येच थंड होऊ द्यायचं, मग भोकं पुन्हा मोजायची, डाय मारून तपासायचं आणि शेवटी कोटिंग. नाकावरून एक पट्टाही हवा, म्हणजे ब्रॅकेट फुटला तरी नाक वर उसळत नाही. यातलं काहीही महाग नाही.

तुमची जुनी कामं चांगली होती. या किटची किंमत मोजली ती त्याच भरवशावर, आणि तो भरवसा तुम्ही घालवलात. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

माझ्या मागण्या अशा. किटची पूर्ण किंमत, येण्याजाण्याचा वाहतूक खर्च आणि चेपलेल्या ब्रीदरमुळे गेलेल्या पिनियन सीलची किंमत परत करा. बदली ब्रॅकेट नको, त्याच जिगवर त्याच हातांनी केलेला दुसरा तुकडा मी गाडीखाली लावणार नाही. या बॅचचे ब्रॅकेट ज्यांना विकले त्या प्रत्येकाला लेखी कळवा की उजवा कान तपासल्याशिवाय गाडी चालवू नका. 3 मिमी प्लेटचा माल विक्रीतून काढा. फॉर्मवर गाडीचा निर्मितीचा महिना विचारा आणि "सर्व एस30 गाड्यांसाठी" हे शब्द काढून टाका.

पत्र मिळाल्यापासून 14 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर कार्ड कंपनीकडे रक्कम परतीचा दावा दाखल करेन आणि वाहनाचा सदोष सुटा भाग म्हणून अमेरिकेच्या वाहन सुरक्षा संस्थेकडे, एनएचटीएसएकडे, तक्रार करेन. डाय मारलेल्या तड्याचे फोटो, व्हर्निअरवरचं 3 मिमीचं माप आणि तुमचं 6 मिमीचं ड्रॉइंग, तिन्ही शेजारी शेजारी लावून जोडेन. ब्रॅकेट माझ्याकडेच राहील. पैसे जमा होईपर्यंत तो पुराव्याचा तुकडा आहे, त्यामुळे "आधी माल पाठवा, मग बघू" हे उत्तर देऊ नका.

उत्तर तांत्रिक विभागाच्या सहीने यावं. मदत केंद्राचा फोन मी घेणार नाही.

– एक ग्राहक
(ऑर्डर क्रमांक, फोटो आणि मोजमापांचा तक्ता सोबत जोडला आहे.)