आबा, त्या संध्याकाळच्या पाकाबद्दल

आदरणीय आबांस,
साष्टांग नमस्कार.

खरं तर हे तुमच्या ओसरीवर बसून सांगायला हवं होतं. पण सगळ्यांना वाचता यावं म्हणून मुद्दाम लिहितेय. माझ्या हातून झालं ते दर पावसाळ्यात मधमाश्या पाळणाऱ्या कुणा नवख्याच्या हातून होत असणार.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात जांभळाचा मध निघाला आणि मला हाव सुटली. पेटीच्या वरच्या मजल्यातला, म्हणजे मधकोठीतला तर काढलाच, खालच्या पोळ्याच्या फळ्यांवर पिल्लांच्या वर असलेली मधाची कडही कापून घेतली. जूनमध्ये आपल्या महाबळेश्वरच्या डोंगरात पाऊस लागला की माशीला दिवसचे दिवस बाहेर पडता येत नाही. जुलैत एक पेटी उघडली, तर माश्या पोळ्याच्या रिकाम्या घरांत डोकी खुपसून मेलेल्या, पोटाची टोकं तेवढी बाहेर. मी घाबरले. उघडीप बघून भर दुपारी बाकीच्या पेट्यांपुढे ताटल्यांत गुळाचं पाणी ठेवलं. तासाभरात पेट्यापेट्यांत लुटालूट सुरू झाली, दारादारात माश्यांचा खच पडला. गुळाने त्यांना हगवण लागते, हेही तेव्हा माहीत नव्हतं. आठवड्यात दोन पेट्या उठून गेल्या. आपल्या इथल्या सातेरी माशीचा स्वभावच तो, पोटाला मिळालं नाही की घर सोडते.

मला वाटत होतं, रोग आला. तुम्ही भिजत आलात, ती फळी हातात धरून बघितलीत आणि म्हणालात, "रोग नाही पोरी, उपाशी गेल्यात."

मग तुम्ही रागावला नाहीत. चूल पेटवायला सांगितलीत. पाणी उकळल्यावर पातेलं खाली उतरवलंत आणि मगच साखर घातलीत, एक लिटरला दोन किलो. साखर आचेवर करपली तर माशीला बाधते, म्हणालात. पाक निवेपर्यंत बरणीच्या झाकणाला बारीक खिळ्याने भोकं पाडलीत. बरणी उपडी केली की आधी चार थेंब गळतात आणि मग पाक आतच धरून राहतो. ते चार थेंब तुम्ही पातेल्यातच पाडलेत, पेटीवर एकही सांडू दिला नाहीत. अंधार पडताना बरणी पेटीच्या आत, फळ्यांच्या वर ठेवलीत, भोवती रिकामी कोठी आणि वर झाकण. दार दोन माश्या जातील एवढंच ठेवलंत. उरलेल्या सगळ्या पेट्यांना त्याच संध्याकाळी दिलंत, कारण एकीला दिलं तर दुसरी तिच्यावर धाड घालते. सकाळी उरलेला पाक काढून टाकला. या दमट हवेत तो लगेच आंबतो.

धो-धो पावसात घट्ट पाक द्यायचा, माशीला त्यातलं पाणी आटवत बसावं लागत नाही. पाऊस ओसरू लागला की एकास एक, पातळ. त्याने फुलोरा आल्यासारखं वाटून राणी अंडी वाढवते. हे मी तेव्हा भिंतीवर कोळशाने लिहून ठेवलं होतं, अजून पुसलेलं नाही. आणि फुलं आली, मधकोठी चढवायची वेळ झाली, की त्याआधी पाक बंद. तुमचा आवाज तिथे एकदाच चढला होता: "साखरेचा मध विकलास तर माझ्याकडे येऊ नकोस."

आबा, पेट्या वाचल्या त्या पाकाने. पण आता मे महिन्यात सुरी हातात घेतली की मला तुमच्या हातातली ती फळी दिसते. खालच्या कडेला मी हात लावत नाही. गेल्या पावसात बाकीच्यांना पाक द्यावा लागला, पण तीन पेट्या स्वतःच्याच मधावर निघाल्या. पेटी मागून उचलून बघायला तुम्हीच शिकवलंत, वजनावरूनच कळलं.

यंदा नऊ पेट्या आहेत. जांभळाच्या मधाची पहिली बाटली तुमच्या नावाने काढून ठेवली आहे. उघडीप मिळाली की या. चढ जमत नसेल तर धाकट्याला गाडी घेऊन पाठवते.

तुमची,
खालच्या आळीतली पोर