दोरीचे बाहेरचे टोक

परळ, मुंबई
9 एप्रिल 2026

चि. सोनू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आज तुझी दुसरी पाळी आहे, त्यामुळे तू घरी येशील तेव्हा मी झोपलेला असेन. उद्या तुझी सामान भरण्याची गडबड असेल आणि परवा संध्याकाळी तू विदर्भ एक्सप्रेसमध्ये असशील. जे सांगायचे आहे ते समोर बसून सांगणे मला आजवर जमलेले नाही, म्हणून हे पत्र तुझ्या पिशवीत ठेवतो आहे. निघण्यापूर्वी एकदा वाच, आणि गाडीने कल्याण सोडले की पुन्हा सावकाश वाच.

मागच्या आठवड्यात जेवताना तू म्हणालीस की एका प्रमाणपत्रासाठी अख्खा आठवडा नागपुरात जाणार आणि इकडे शटडाउनची, म्हणजे कारखाना बंद ठेवून करायची, कामे पडून राहणार. मी त्यावर काही बोललो नाही आणि तुझ्या आईने विषय बदलला, कारण माझ्या गप्प बसण्याचे कारण तिला ठाऊक आहे. कंपनीने तुला बंदिस्त जागेतील काम आणि बचाव या विषयाच्या प्रशिक्षणासाठी निवडले, हे मला कळले तेव्हापासून मला नीट झोप लागलेली नाही. त्यात भीतीचा भाग थोडा आहे. समाधानाचा जास्त आहे.

दर गणपतीत आपल्याकडे येणाऱ्या लालबागच्या काकूंना तू लहानपणापासून पाहतेस. त्यांचे यजमान कारखान्यात काम करताना गेले, एवढेच तुला सांगितलेले आहे. ते माझे मित्र होते, आम्ही एकाच दिवशी नोकरीला लागलो होतो, आणि ते गेले तेव्हा मी त्यांच्यापासून दहा फुटांवर होतो.

1987 च्या मे महिन्यात आमच्या कारखान्याचा वार्षिक शटडाउन चालू होता. एका उभ्या व्हेसलच्या, म्हणजे टाकीसारख्या मोठ्या बंद पात्राच्या, आतली तपासणी करायची म्हणून आत मचाण बांधले होते. त्या व्हेसलला नायट्रोजनची एक लाइन होती. तिचा व्हॉल्व्ह बंद केलेला होता, परंतु फ्लँज (पाइपचा जोड) उघडून ब्लाइंड (वाट पूर्ण बंद करणारी चकती) टाकलेली नव्हती, आणि तो व्हॉल्व्ह आतून गळत होता. सकाळी हवेची चाचणी झाली तेव्हा सर्व ठीक होते. जेवणाच्या सुटीत आत ताजी हवा खेळवणारा ब्लोअर बंद करण्यात आला, तेवढ्या वेळात आतली हवा बदलली, आणि सुटीनंतर पुन्हा चाचणी करावी असे आमच्यापैकी कोणालाही वाटले नाही. मचाणावर राहिलेला पाना आणायला एक तरुण हेल्पर मॅनहोलमधून, म्हणजे व्हेसलच्या माणूस जाण्यापुरत्या तोंडातून, आत उतरला आणि वरच्याच फळीवर आडवा झाला. माझ्या मित्राने ते पाहिले, त्याला हाक मारली आणि दुसऱ्या क्षणी ते त्याला उचलायला आत गेले. त्यांनी त्याच्या खांद्याला हात लावलेला मी पाहिला. मग त्यांचे गुडघे वाकले आणि ते फळीवरून खाली तळाशी गेले.

माझा पाय मॅनहोलच्या कडेवर होता. आमच्या फोरमननी मागून माझी कॉलर धरून मला खेचले. शर्ट फाटला आणि मी त्यांना नको ते बोललो. त्यांनी मला सोडले नाही. श्वसनसंच (हवेचा सिलिंडर आणि मास्क) येईपर्यंत, तो चढवून दोघे जण आत जाईपर्यंत किती मिनिटे गेली हे मी सांगू शकत नाही, पण तेवढा वेळ मी बाहेर उभा होतो. हेल्पर मॅनहोलच्या जवळ पडला होता, त्याच्यापर्यंत बाहेरची थोडी हवा पोहोचत होती, तो वाचला. माझे मित्र वाचले नाहीत. पुढे कित्येक वर्षे काकूंच्या दहा बाय दहाच्या खोलीत चहा घेताना माझ्या मनात एकच गोष्ट येत असे, की मी बाहेर उभा राहिलो.

त्यानंतर काही वर्षांनी सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेतील एका लहानशा वर्गाला मला पाठवण्यात आले आणि तिथे मला पहिल्यांदा कळले की त्या दिवशी काय घडले होते. आपण श्वास घेतो त्या हवेत सुमारे 78 टक्के नायट्रोजनच असतो, म्हणून त्याची शरीराला भीती वाटत नाही. त्याला वास नाही, रंग नाही. शिवाय श्वास कोंडल्याची जी तगमग आपल्याला जाणवते ती मुख्यतः अंगात साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे जाणवते. प्राणवायू कमी पडल्याचे शरीर तितक्या तातडीने सांगत नाही. नायट्रोजनने भरलेल्या जागेत माणूस नेहमीसारखाच श्वास घेत राहतो, आणि प्राणवायू अगदीच नसेल तर एकदोन श्वासांत शुद्ध हरपते. माझ्या मित्राला आपण मरतो आहोत हे कळलेसुद्धा नसेल. मी आत गेलो असतो तर मलाही कळले नसते, आणि तुझा जन्म झाला नसता.

तेव्हा या आठवड्यात तू जे शिकणार आहेस त्यात सर्वांत अवघड धडा बाहेर थांबण्याचा आहे. आतल्या माणसावर लक्ष ठेवण्यासाठी मॅनहोलपाशी जो उभा असतो, त्याचे काम आपल्याकडे अजूनही कमी दर्जाचे समजतात. ज्याला दुसरे काही येत नाही त्याला तिथे उभे करतात आणि मधेच चहा आणायला पाठवतात. हे किती चुकीचे आहे ते तिथले प्रशिक्षक तुला सांगतीलच. कारखाने अधिनियम, 1948 च्या 36 व्या कलमात ही गोष्ट फार साध्या शब्दांत लिहिलेली होती, ती मला पाठ आहे: सक्षम व्यक्तीने चाचणी करून लेखी दाखला द्यावा, किंवा उतरणाऱ्याने श्वसनसंच लावावा आणि त्याच्या पट्ट्याला बांधलेल्या दोरीचे मोकळे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असावे. त्याच्या पुढच्या 36-अ कलमात आत न्यायच्या हातदिव्याला 24 व्होल्टची मर्यादा घातलेली होती. 2020 साली संसदेने व्यावसायिक सुरक्षेची नवी संहिता मंजूर केली, त्यामुळे कलमांचे आकडे तुझ्या वर्गात वेगळे शिकवतील. दोरीचे टोक मात्र बाहेरच राहील. ते टोक त्या दिवशी कोणाच्याच हातात नव्हते, कारण दोरीच नव्हती. ती असती तर बाहेरूनच ओढून दोघांनाही वर घेता आले असते. ट्रायपॉड आणि विंच (मॅनहोलवरची तिवई आणि दोरी ओढून घेणारे यंत्र) यांचा सराव चालू असताना हे आठव, आणि तुझी पाळी झाली तरी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मागून घे.

हवेची चाचणी हा विषय तुला येतो असे तू म्हणशील. तरीही तिथे नवख्यासारखी बस. आधी प्राणवायू, मग ज्वलनशील वायू, मग विषारी वायू हा क्रम का आहे, हे विचारून घे. ज्वलनशील वायू मोजणाऱ्या अनेक उपकरणांना अचूक आकडा दाखवायलाही हवेत पुरेसा प्राणवायू लागतो, ही गोष्ट मला फार उशिरा समजली. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, मिथेन हलका, म्हणून उपकरणाची नळी वर, मध्ये आणि तळाशी अशी तिन्ही ठिकाणी सोडावी लागते. सडक्या अंड्याचा वास येतो म्हणून आपण सावध राहू, अशा भरवशावर कोणी बोलले तर त्याला थांबव. प्रमाण वाढले की हायड्रोजन सल्फाइड नाकाची वास घेण्याची शक्तीच बंद पाडतो, आणि वास गेला म्हणजे वायू गेला असे माणसाला वाटते. सुटीनंतर, ब्लोअर बंद पडल्यानंतर, पाळी बदलल्यानंतर पुन्हा चाचणी करायची, हे तर मी तुला सांगायलाच नको.

आता तुझ्या स्वतःच्या साधनांविषयी. तुझे सेफ्टी शूज एक नंबर मोठे आहेत आणि तू दोन मोज्यांवर भागवतेस, हे मी रोज पाहतो. स्टोअरमध्ये बायकांच्या मापाचे बूट नाहीत हे कारण मी ऐकले आहे, परंतु शिडीवर सैल बुटात पाय घसरतो तेव्हा ते कारण उपयोगी पडत नाही. काल लालबागला जाऊन तुझ्या मापाचा जोड आणला आहे, तो दोन दिवस घरात घालून चाल, म्हणजे तिकडे टाच सोलणार नाही. हार्नेसचेही, म्हणजे पडताना सावरणाऱ्या अंगातल्या पट्ट्यांचेही, तसेच आहे: मांडीचे पट्टे सैल राहिले तर पडताना सारा भार भलत्या जागी येतो. आपल्या मापाचा हार्नेस मागायला संकोचू नकोस. तू चष्मा लावतेस, आणि चष्म्याच्या काड्यांमुळे पूर्ण चेहऱ्याचा मास्क कडेला नीट बसत नाही. हे पहिल्याच दिवशी प्रशिक्षकांना सांग, मास्कच्या आत बसवायची चष्म्याची चौकट मिळते. मास्क प्रथम चढवल्यावर श्वास अडल्यासारखा वाटतो, घाबरून तो ओढून काढावासा वाटतो. तसे होऊ लागले तर जागीच थांबून श्वास सावकाश बाहेर सोड. 6 लिटरच्या सिलिंडरमध्ये 300 बार दाबाने सुमारे 1,800 लिटर हवा मावते. शांतपणे काम करणाऱ्याला ती पाऊण तासाच्या आसपास पुरते आणि धावपळ करणाऱ्याला त्याहून बरीच कमी. हवा संपत आल्याची शिट्टी वाजू लागली की हातातले काम तसेच टाकून बाहेर यायचे असते.

रविवारी रात्री निघून सोमवारी स्टेशनवरून थेट वर्गात जायचा तुझा पहिला बेत तू माझ्या सांगण्यावरून बदललास, याचा मला फार आनंद झाला. रात्रभर गाडीत अर्धवट झोपलेल्या माणसाने सकाळी उंचीवर चढू नये. थकलेल्या शरीराने केलेले काम हाही धोकाच आहे, आणि तो धोका ज्यांनी ओळखला त्यांची जयंती मंगळवारी येते आहे. आपल्या परळच्या बीआयटी चाळीत कित्येक वर्षे राहिलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते, आणि बारमाही कारखान्यांतला आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आणणारी दुरुस्ती त्यांच्याच कारकिर्दीत झाली. त्या दिवशी वर्गाला सुटी आहे आणि तुम्ही सारे दीक्षाभूमीवर जाणार आहात असे तू सांगितलेस. अवश्य जा, आमच्या दोघांच्या वतीनेही नमस्कार कर. मात्र गर्दी फार असेल, तेव्हा परत कुठे भेटायचे ते आधीच ठरवून घ्या. 14 एप्रिल हा आपल्या मुंबईच्या गोदीतील स्फोटाचाही दिवस आहे. 1944 साली व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या फोर्ट स्टिकिन या जहाजात कापसाच्या गासड्या आणि स्फोटके एकत्र भरलेली होती. दुपारी आग लागली आणि ती विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. तुझ्या आजोबांनी तो आवाज गिरणीत ऐकला होता. जवान आपले कर्तव्य करत होते, त्यांना दोष देण्याचा प्रश्नच नाही. पण कापूस आणि स्फोटके शेजारी ठेवू देणाऱ्या हाताला कोणीतरी आधीच थांबवायला हवे होते, असे मला दरवर्षी त्या दिवशी वाटते.

नागपूरच्या उन्हाची मला काळजी आहे. मुंबईत घाम अंगावर राहतो म्हणून कळतो. तिकडच्या कोरड्या हवेत तो येताक्षणी वाळतो आणि आपल्या अंगातले पाणी किती गेले हे समजत नाही. तहान लागण्याची वाट पाहू नकोस. लिंबू-मीठ-साखरेचे पाणी, ताक, जे मिळेल ते घे, आणि न्याहारी टाळू नकोस. हार्नेस व संच चढवून उन्हात सराव करताना डोके दुखू लागले, मळमळले, तर लगेच सांग. सोबतचा कोणी असंबद्ध बोलू लागला तर त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि डॉक्टरांना बोलवा. तो थांबून थांबून बरा होईल असे समजू नका.

वसतिगृहात पोहोचलीस की सामान खोलीत टाकून आधी जिना शोध, आणि तुझ्या खोलीपासून जिन्यापर्यंत किती दारे आहेत ती मोज. धुरात काही दिसत नाही, तेव्हा भिंतीला हात लावून दारे मोजतच जावे लागते. गाडीत काही अडचण आली तर 139 हा क्रमांक लक्षात ठेव. कसाऱ्याला गाडी थांबेल तेव्हा मागे जादा इंजिने लावतील. 37 फुटांत एक फूट असा तो चढ आहे, आणि ढकलणारे इंजिन मागे असल्यामुळे डब्यांच्या जोडणीवर सारा ताण येत नाही. लहानपणी तू त्या धक्क्याची वाट पाहत जागी राहायचीस.

एक विनंती आहे. परत आल्यावर येत्या गणपतीत काकू येतील तेव्हा तू काय शिकून आलीस ते त्यांना सांग. मला त्यांच्यासमोर हा विषय कधी काढता आला नाही. त्यांना ऐकायला आवडेल असे तुझी आई म्हणते, आणि अशा बाबतींत तिचा अंदाज सहसा चुकत नाही.

वैद्यकीय दाखला, कंपनीचे पत्र आणि दोन छायाचित्रे निळ्या फाइलमध्ये ठेवली आहेत. आई शनिवारी दुपारी धपाटे करणार आहे, डब्यासोबत चटणी वेगळी बांधलेली असेल. मी तुझ्याबरोबर सीएसएमटीपर्यंत येतो. नको म्हणू नकोस.

तुझे,
बाबा